कलदारांची काळी पाठ

अमळनेरहून आलेल्या आजींनी पिशवीतून काचेची पेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दोन वर्षांपूर्वी मीच बनवून दिलेली. आत त्यांच्या सासूबाईंचे अकरा कलदार, म्हणजे चांदीचे जुने रुपये, १८६२ चे राणीछाप. "हाई काय व्हयनं भाऊ?" एवढंच बोलल्या.

राणीचा चेहरा पिवळट पडला होता. एक रुपया उलटा केला तर पाठ निळसर काळी, 'वन रुपी इंडिया' ही अक्षरं भिंगाखाली शोधावी लागली. मखमल उचलली आणि सायकलच्या ट्यूबसारखा वास आला. नाणी घसरू नयेत म्हणून खाली काळं स्पंज रबर मीच घातलं होतं. हाताला मऊ लागलं, तेवढ्यावर निवडलेलं.

रबर टिकावं म्हणून त्यात गंधक घालून तापवतात. त्यातलं उरलेलं गंधक हळूहळू बाहेर पडतं, चांदीशी मिळतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. बंद पेटीतून ते जाणार कुठे? त्यात जळगावचा उन्हाळा. लोकरीच्या नमद्यातही गंधक असतं, म्हणून चांदीखाली तोही नको.

आजी म्हणाल्या, चिंच लावून घासते. मी हात जोडले. घासताना राणीच्या केसांच्या बारीक रेषा आधी झिजतात. काळेपणा तसाच राहू द्यायचा, फक्त पुढे वाढू द्यायचा नाही, असं ठरलं.

पेटीतला माल धातूला बाधतो का हे पाहायची एक चाचणी ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडली. तपासायचा माल, चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे आणि थोडं पाणी बंद बाटलीत घालून ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचं. माझ्याकडे तसा ओव्हन नाही. सराफाकडून चांदीच्या पट्ट्या आणल्या आणि तीन बरण्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली ठेवल्या. एकीत रबर, दुसरीत गादीचा फोम, तिसरीत टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पॉलिथिलीन फोम. रबराजवळची पट्टी आधी सोनेरी, मग तपकिरी, मग काळी झाली. गादीच्या फोमजवळची पट्टी बरी राहिली, पण फोम पिवळा होऊन भुगा पडू लागला. पांढऱ्याजवळची पट्टी होती तशीच.

बाजारात गुलाबी पॉलिथिलीन फोमही मिळतो, तो घेऊ नका. त्यात स्थिर वीज रोखणारी रसायनं असतात. ईव्हीए नावाच्या प्लास्टिक फोमच्या शीटमधून ॲसिटिक ॲसिड सुटू शकतं. आजींच्या पेटीत पांढरा फोम कापून बसवला, त्यावर गरम पाण्यात धुऊन खळ काढलेलं, बिनरंगाचं मांजरपाट. गोंद कुठेच लावला नाही, कापड कडेला दोऱ्याने टाचलं.

आषाढात त्या पेटी न्यायला आल्या. एकेक कलदार बोटाने मोजला. कोपऱ्यात मी चांदीची एक कोरी पट्टी ठेवली होती, तिकडे बोट दाखवून विचारलं, "आनि हाई?"

"ती पिवळी पडली की मला फोन करायचा, आजी. कलदारांआधी तीच सांगेल."