बर्फाच्या कारखान्यातला सहावा पावसाळा

१० ऑगस्ट २०२५, रविवार. हर्णै.

काल नारळी पौर्णिमा झाली. पावसाळी मासेमारीबंदीचे ६१ दिवस ३१ जुलैलाच संपलेत पण आमच्याकडे बरेच तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, नारळ सोडल्याशिवाय बोट बाहेर काढत नाहीत, त्यामुळे आज पहाटेपासून बंदरावर नुसता गलका, इंजिनांची धडधड, बर्फाच्या गाड्या, जाळी ओढणारी माणसं. आणि मी मात्र त्या सगळ्याकडे पाठ करून अण्णांना घेऊन खाडीच्या बाजूला गेले, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. अण्णा म्हणजे माझे मोठे काका, तिथे बावीस वर्षं ऑपरेटर होते. मी गेली चार वर्षं दर पावसाळ्यात तिथले फोटो काढतेय पण त्यांना आत नेलं ते आज पहिल्यांदा. का नेलं नाही आधी ते नीट सांगता येत नाही, त्यांना वाईट वाटेल असं मीच ठरवून टाकलं होतं बहुतेक.

मालकांना काल फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले जा पण भिंतींपासून लांब राहा. गमबूट घातले, हातात काठी. फुरसं, म्हणजे तो विषारी साप, या दिवसांत कुठे पडलेलं असेल सांगता येत नाही, आणि पडक्या पत्र्यांखाली तर हमखास. पत्रे सगळे सिमेंटचे, वादळात फुटलेले. त्यांची धूळ छातीला वाईट म्हणून मी उन्हाळ्यात तिथे जातच नाही, पावसात सगळं भिजून खाली बसलेलं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा छप्पर गेलं. नारळ-पोफळी गेल्या त्याचं दुःख इथे अजून बोलून होतं, पण कारखान्याचं कोणी बोलत नाही, तो आधीच डबघाईला आलेला होता आणि छप्पर गेल्यावर मालकांनी परत उभा केला नाही. वरून पाऊस आत आला, ऊन आत आलं, आणि झाडांना तेवढंच हवं होतं. हा सहावा पावसाळा.

पहिल्या वर्षी मी जे फोटो काढले ते आता बघवत नाहीत खरं तर. नुसतं हिरवं आणि गंज, गंज आणि हिरवं, रंग छान दिसतात म्हणून काढलेले. कुठल्याही पडक्या जागेचे असू शकले असते ते. आज अण्णांबरोबर फिरल्यावर कळलं की मी चार वर्षं एकाच गोष्टीसमोर उभी होते आणि ती मला दिसत नव्हती. कुठलं झाड कुठे आलंय ते उगाच आलेलं नाही. तिथे आधी काय काम चालायचं त्यावर ते ठरलंय.

म्हणजे बघा, मागची जी बर्फ ठेवायची खोली, तिची भिंत मला नेहमी आवडायची कारण खालपासून वरपर्यंत नेचे, हंसराज, शेवाळ, इतकं दाट की चिरा दिसत नाही. मला वाटायचं जांभा आहे, पाणी धरून ठेवतो, म्हणून असेल. पण मग तोच जांभा समोरच्या ऑफिसच्या भिंतीला आहे, तिथे एवढं काहीच नाही. अण्णांनी काठीने एका फटीत खुपसलं आणि आतून काळं भुसभुशीत काहीतरी बाहेर आलं. म्हणाले, "अगो बाय, हा तूस. भाताचा. दोन भिंती आहेत या, मधे तूस भरलेला, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून." छप्पर गेल्यावर त्यात पाणी शिरलं, तूस कुजला, खत झालं. थंडी अडवायला जो भरला होता त्यावरच आता अख्खी भिंत जगतेय. मी तिथे अर्धा तास होते, तिपाई लावून, दोन-दोन सेकंदांचं एक्स्पोजर, पोलरायझर फिरवून पानांवरची चमक काढून टाकली की खालचा हिरवा खरा दिसतो. ढगाळ होतं, सावली कुठेच नाही, असाच उजेड लागतो.

पिंपळाचंही तसंच. एकच मोठा पिंपळ आहे आत, बर्फ गोठवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, आता माझ्या दीडपट उंच. बी कोणा बुलबुलाने नाहीतर तांबटाने टाकलं असणार, पक्षी फळं खातात आणि बी कुठेही पडतं, मग नेमकं तिथेच का रुजलं. अण्णा हसले. टाकीतले बर्फाचे डबे वर उचलायची चेनपुली त्या कोपऱ्यात संपायची, प्रत्येक वेळी डब्यावरून खारं पाणी तिथे निथळायचं. वर्षानुवर्षं. मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, आतल्या सळ्या गंजतात, आणि गंजलेली सळी फुगते, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागते, मग काँक्रीट आतून फुटतं. तिथेच पहिली भेग पडली आणि त्याच भेगेत पिंपळ. मुळं आता उघड्या सळ्यांना धरून खाली उतरलीत, काही ठिकाणी मूळ कुठलं आणि सळी कुठली हे हात लावल्याशिवाय कळत नाही, दोघांचा रंगही एकच झालाय.

टाकीत आता पावसाचं पाणी आहे, गोडं. वजा दहाच्या आसपास ठेवायचे म्हणे ते खारं पाणी, मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठायचं नाही आणि त्यात बुडवलेल्या डब्यातलं साधं पाणी गोठायचं, मोठी लादी व्हायला दीड-दोन दिवस. डब्यांत बारीक नळीने हवा सोडत राहायची, नाहीतर लादी मधे पांढरी पडते आणि बोटवाले घेताना कुरकुर करतात. हे सगळं सांगताना अण्णा त्या टाकीकडे बघत होते आणि टाकीत बेडकाची पिल्लं वळवळत होती, शेपटीसकट, शेकड्यांनी. डब्यांवरची लाकडी झाकणं अजून काही शिल्लक आहेत, त्यांच्यावर अळंब्या आल्यात. एका झाकणावर आकडा रंगवलेला, ४७, आणि चारच्या पोटातून अळंबी बाहेर. तो फोटो चांगला आलाय.

कॉम्प्रेसरच्या खोलीत ते बराच वेळ बोलले नाहीत. कॉम्प्रेसर भंगारात गेला, नुसता चौथरा आणि बोल्ट राहिलेत, आणि चौथऱ्याभोवती रानमोडीचं तण कमरेएवढं. अण्णांनी ते काठीने बाजूला केलं आणि जिथे उभे राहायचे तिथे जाऊन उभे राहिले. म्हणाले अमोनिया एकदा सुटला होता, ओला पंचा तोंडाला बांधून व्हॉल्व्ह बंद केला, अमोनिया पाण्यात विरतो म्हणून पंचा ओलाच पाहिजे, कोरडा उपयोगाचा नाही. हे मला घरात कधीच कोणी सांगितलं नव्हतं. काकूला तरी माहितीये का कोण जाणे.

मी कॅमेरा खाली ठेवला होता तेव्हा. मग त्यांनीच भिंतीकडे बोट दाखवलं. शेवाळाखाली खडूच्या रेघा, नीट बघितलं तर आकडे. रजिस्टर भिजायचं म्हणून तपमान ते आधी भिंतीवर लिहायचे आणि मग उतरवून घ्यायचे. एका कोपऱ्यावर वरचा सज्जा शाबूत आहे, तेवढ्या जागेवर पाऊस थेट येत नाही म्हणून वाचलंय. वजा आठ, वजा नऊ, वजा नऊ, वजा अकरा. त्यांचंच अक्षर, नऊ अजूनही तसाच काढतात, पोट मोठं. खालच्या दोन ओळी शेवाळाने घेतल्यात, मी पुसायला हात पुढे केला तर म्हणाले राहू दे, खडू पण जाईल.

बाजूने टॉर्च धरून काढले, अगदी आडवा उजेड, म्हणजे खडूचा खरखरीतपणा उठून येतो. अकरा फ्रेम. लेन्सवर सारखी वाफ धरत होती, दर दोन मिनिटांनी पुसायची.

बाहेर पडताना काकू फाटकाशीच भेटली, कारखान्याच्या आवारातला टाकळा खुडत होती, ओटीभर. दरवर्षी इथलाच नेते म्हणे, मला हेही आज कळलं. दुपारी जेवायला तीच भाजी होती, भरपूर लसूण घालून. जेवण झाल्यावर अण्णांना लॅपटॉपवर सगळे फोटो दाखवले. नेच्यांची भिंत बघितली, पिंपळ बघितला, बेडकांपाशी थोडं थांबले. आकड्यांचा फोटो आला तेव्हा चष्मा लावला आणि म्हणाले, याची मोठी प्रिंट काढून आण, बाकीच्या तुझ्याकडे ठेव.