तेच दोन संघ, सात वेळा

जून महिन्यात आमच्याकडे सकाळी सहाला टीव्ही लागतो, एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल बघायला. आवाज कितीही बारीक ठेवला तरी शेजारच्या काकांना सुगावा लागतोच. दुधाची पिशवी घेऊन परत येताना ते दारात थांबतात.

"आज कोण खेळतंय?"

"तेच, काका."

"परवाही हेच होते ना?"

"हो."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही हेच."

मग तो प्रश्न येतो. तेच दोन संघ सात-सात वेळा बघून कंटाळा कसा येत नाही गं तुला? एक मॅच ठेवा, काय तो निकाल लावा आणि मोकळे व्हा.

मी नागपुरात शाळकरी मुलींना बास्केटबॉल शिकवते. ग्राउंडवर पालक हाच प्रश्न विचारतात, लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, आणि नवऱ्याने तर लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये विचारला होता. दरवेळी मी हसून वेळ मारून नेते, कारण दारात उभ्या माणसाला १९८४ पासून सांगायला घेतलं तर पिशवीतलं दूध नासेल. आज सवड आहे, तर सांगते.

आधी काकांचा हिशेब. १९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र आठवा. अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल, आपण आधीचे दहाच्या दहा सामने जिंकलेले, आणि अकराव्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला लोळवलं. त्या रात्री जिन्यात उभं राहून तुम्हीच म्हणाला होतात, "हे काही खरं नाही, परत एकदा खेळवा यांना." काका, एनबीएवाले तेच करतात. परत खेळवतात. चार सामने आधी जिंकेल तो चॅम्पियन. म्हणजे कमीत कमी चार, जास्तीत जास्त सात, एक-दोन दिवसांआड, कधी यांच्या गावात तर कधी त्यांच्या.

आता १९८४. लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध बोस्टन सेल्टिक्स. मी लेकर्सची, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कोणत्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. आणि लेकर्स ही फायनल हरले. तरी कोणी विचारलं की मी हीच सांगते. सामने मी खूप उशिरा, रेकॉर्डिंगवर पाहिले, पण नंतर इतक्यांदा पाहिले की कोणता पास कुठे चुकणार हे आता पाठ झालंय. तो पास प्रत्येक वेळी चुकतोच.

वैर तेव्हाही जुनं होतं. १९५९ ते १९६९ या अकरा वर्षांत हे दोघे फायनलमध्ये सात वेळा भिडले आणि सातही वेळा सेल्टिक्स जिंकले. यातल्या पहिल्या वेळी लेकर्स मिनियापोलिसचे होते. तळ्यांचा प्रदेश, म्हणून 'लेकर्स'. १९६० मध्ये ते लॉस एंजेलिसला आले, नाव तेच राहिलं. १९६९ चा सातवा सामना लॉस एंजेलिसमध्येच होता. मालकाने विजयाच्या तयारीत छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते. लेकर्स १०८-१०६ असे हरले आणि फुगे वरच राहिले. लेकर्सच्या जेरी वेस्टने त्या सामन्यात ४२ पॉइंट, १३ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि १२ असिस्ट (सोबत्याला बास्केट मिळवून देणारे पास) केले होते. फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो वेस्टलाच मिळाला. हरलेल्या संघाच्या माणसाला तो त्यानंतर कधीच मिळालेला नाही. अशा पुरस्काराचं घरी नेऊन माणसाने करायचं काय?

तर १९८४ ला पंधरा वर्षांनी हे दोघे पुन्हा समोरासमोर. लेकर्सकडे मॅजिक जॉन्सन, सेल्टिक्सकडे लॅरी बर्ड. या दोघांची आपसातली उधारीही होतीच: १९७९ च्या कॉलेज फायनलमध्ये मॅजिकच्या मिशिगन स्टेटने बर्डच्या इंडियाना स्टेटला हरवलं होतं.

पहिला सामना बोस्टनला. लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारचं डोकं अर्धशिशीने फुटत होतं, तरी त्याने ३२ पॉइंट मारले आणि लेकर्स जिंकले. दुसऱ्या सामन्यात अठरा सेकंद उरले असताना लेकर्स दोन पॉइंटांनी पुढे, चेंडूही त्यांच्याच हातात. दोन्ही सामने बोस्टनला जिंकून घरी जायचं, एवढंच उरलेलं. जेम्स वर्दीने कोर्टाच्या आडवा, हळूच, फुग्यासारखा एक पास सोडला. सेल्टिक्सचा जेराल्ड हेंडरसन मधे घुसला, चेंडू पळवला आणि ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन अलगद शॉट, टाकून बरोबरी केली. मग मॅजिकने काय करावं? शेवटचा शॉट मारायच्या ऐवजी तो चेंडू टप्पे देत खेळवत बसला आणि वेळ संपली. ओव्हरटाइममध्ये सेल्टिक्स १२४-१२१ ने जिंकले.

एकच सामना असता तर गोष्ट इथे संपली असती. वर्दीचा पास एवढीच लोकांच्या लक्षात राहिली असती. पण तीन दिवसांनी पुन्हा याच लोकांसमोर उभं राहायचं होतं.

तिसऱ्या सामन्यात लेकर्सनी सगळा राग काढला. १३७-१०४. मॅजिकचे २१ असिस्ट. लेकर्सचा फास्ट ब्रेक म्हणजे काय हे माझ्या मुलींना दाखवायचं असेल तर मी हा सामना लावते: रिबाउंड घेतलेला माणूस वळायच्या आत पहिला पास गेलेला असतो आणि सेल्टिक्सचे लोक लग्नात जेवणाची पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे मागून येताना दिसतात. सामना संपल्यावर बर्डने आपल्याच संघाची जाहीर शोभा केली. आम्ही बायकी खेळलो, असा त्याचा सूर होता. (बर्ड माझा आवडता खेळाडू नाही, त्याचं हेही एक कारण. माझ्या मुली त्याला सांगतील बायकी खेळणं काय असतं ते.)

चौथ्या सामन्यापासून दोन गोष्टी बदलल्या. एक शहाणपणाची. सेल्टिक्सचे कोच के. सी. जोन्स यांनी मॅजिकला धरायचं काम डेनिस जॉन्सनकडे दिलं. तो अंगाने दणकट आणि बचावात पक्का. दुसरी गोष्ट शहाणपणाची नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेकर्सचा कर्ट रॅम्बिस फास्ट ब्रेकवर रिंगकडे झेपावला आणि केव्हिन मॅकहेलने त्याच्या गळ्यात हात घालून त्याला हवेतल्या हवेत खाली आपटला. आज कोणी असं केलं तर थेट कपडे बदलायला पाठवतील. तेव्हा मॅकहेल खेळत राहिला.

ही क्लिप मी सोळा वर्षांखालच्या मुलींना दाखवत नाही. पण ती वगळून या फायनलची गोष्ट सांगताही येत नाही, कारण त्यानंतर लेकर्स पळताना दचकू लागले. सेल्टिक्सच्या सेड्रिक मॅक्सवेलने याचं वर्णन नंतर फार मजेदार केलं: आधी हे लोक मनाला येईल तेव्हा रस्ता ओलांडत होते, आता कोपऱ्यावर थांबतात, सिग्नल बघतात, दोन्हीकडे मान वळवतात आणि मगच पाऊल टाकतात. नागपुरात व्हेरायटी चौकातसुद्धा कोणी एवढं करत नाही.

हा सामनाही ओव्हरटाइममध्ये गेला. बरोबरी असताना मॅजिकने दोन फ्री थ्रो (समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे शॉट) चुकवले. वर्दीचाही एक फ्री थ्रो चुकला, तेव्हा मॅक्सवेल स्वतःचाच गळा दाबून दाखवत त्याच्यासमोरून चालत गेला. सेल्टिक्स १२९-१२५. आता दोन-दोन.

काका, इथे थांबून विचार करा. तीन सामन्यांत लेकर्सनी सेल्टिक्सना कसं हरवायचं ते दाखवून दिलं होतं. सेल्टिक्सना ते दिसलं, टोचलं आणि त्यांनी त्यावर उतारा शोधला, भला म्हणा की बुरा. आता लेकर्सना त्या उताऱ्यावर उतारा शोधायचा होता. वेगळा प्रतिस्पर्धी असता तर हे झालंच नसतं. माझी एक मुलगी डावीकडूनच ड्रिबल करते. पहिल्या मॅचला कोणाला कळत नाही, तिसऱ्या मॅचला समोरची मुलगी आधीच डावीकडे उभी असते. मग तिला उजवा हात शिकावाच लागतो. मी महिनाभर ओरडून जे होत नाही ते समोरची मुलगी तीन दिवसांत करून दाखवते.

पाचवा सामना बोस्टन गार्डनमध्ये. जुनी इमारत, एअर कंडिशनिंग नाही, आणि त्या दिवशी आत ९७ अंश फॅरनहाइट. अमेरिकन लोक हा सामना आगीच्या भट्टीत झाल्यासारखा सांगतात. मी आकडा सेल्सियसमध्ये करून पाहिला: ३६. आमच्याकडे जूनमध्ये ३६ झालं की लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. पण चेष्टा पुरे. बंद हॉल, हजारोंची गर्दी आणि ३७ वर्षांचा करीम बाकावर बसून ऑक्सिजनचा मास्क लावतोय, हे दृश्य गमतीचं नाही. बर्ड मात्र इंडियानातल्या आपल्या गावी उन्हात खेळत असल्यासारखा खेळला. वीसपैकी पंधरा शॉट आत, ३४ पॉइंट, १७ रिबाउंड. सेल्टिक्स १२१-१०३.

सहावा लेकर्सनी घेतला. सातवा, १२ जून १९८४, पुन्हा बोस्टन. त्यात बर्ड किंवा मॅजिकपेक्षा मॅक्सवेलच भारी पडला, २४ पॉइंट. लेकर्स चौदाने मागे होते, ते शेवटी तीनवर आले आणि तिथे मॅजिकच्या हातून चेंडू निसटला. १११-१०२. पुढचे कित्येक महिने लोक मॅजिकला 'ट्रॅजिक जॉन्सन' म्हणत होते.

याच्या पुढचं वर्ष मी थोडक्यात आटोपते, नाहीतर काका उद्यापर्यंत दारातच राहतील. १९८५ ला पुन्हा हेच दोघे. पहिल्या सामन्यात सेल्टिक्सनी १४८-११४ असं धुतलं. अडतीस वर्षांच्या करीमचे १२ पॉइंट आणि रिबाउंड फक्त ३. वर्तमानपत्रांनी त्याला निवृत्तच करून टाकलं. दुसऱ्या सामन्याआधी संघाने रेकॉर्डिंग बघितली, तेव्हा करीम सगळ्यांत पुढे बसला आणि स्वतःची फजिती शांतपणे बघत राहिला. सामन्याला निघताना त्याने कोच पॅट रायलीकडे एकच मागितलं, वडिलांना टीमच्या बसमधून येऊ द्या. त्या रात्री त्याने ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट केले. लेकर्सनी ती फायनल सहाव्या सामन्यात, बोस्टन गार्डनमध्येच जिंकली. सेल्टिक्सविरुद्ध फायनलमध्ये आधी आठ वेळा हरून नवव्या वेळी. बसची ती गोष्ट मी ग्राउंडवर सांगते तेव्हा मुली गप्प ऐकतात आणि पालकांपैकी एखादे वडील उगाचच बुटाची लेस बांधायला वाकतात.

खरं सांगायचं तर कंटाळा येतोही कधीकधी. २००२ ची फायनल, लेकर्सनी न्यू जर्सी नेट्सना चार-शून्यने हरवलं. माझाच संघ जिंकत होता आणि मी मधे उठून कणीक मळत होते. समोरचा शिकत नसेल, नुसता मार खात असेल, तर सातही नकोत आणि चारही नकोत.

पण १८ जून २०१० ची शुक्रवार सकाळ. लॉस एंजेलिसला तेव्हा गुरुवारची संध्याकाळ. लेकर्स-सेल्टिक्स, तीन-तीन, सातवा सामना, आपल्याकडे साडेसहाला सुरू. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मला सुट्टीच होती. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, याच सेल्टिक्सनी शेवटच्या सामन्यात लेकर्सना १३१-९२ असं घरी पाठवलं होतं. ते ३९ पॉइंट लेकर्सचा कोबी ब्रायंट विसरला नव्हता आणि मीही.

सामना दिसायला अगदी वाईट होता. कोबीने चोवीस शॉट मारले आणि सहाच आत गेले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेकर्स तेराने मागे पडले. नवरा चहा घेऊन आला, स्कोअर बघितला आणि काही न बोलता कप ठेवून गेला. शॉट पडेनात, तेव्हा लेकर्स चुकलेल्या शॉटवर तुटून पडायला लागले. सहा फूट सहा इंचांच्या कोबीने १५ रिबाउंड घेतले, पाऊ गॅसोलने १८. जेमतेम एक मिनिट उरलं असताना रॉन आर्टेस्टने लांबून तीन पॉइंटांचा शॉट टाकला. तो मारू नये असं सगळ्यांना वाटत होतं, मला तर नक्कीच. तो आत गेला. ८३-७९. २००८ मध्ये लेकर्सना ढुशा देऊन मऊ ठरवलं होतं, तेच लेकर्स दोन वर्षांनी त्याच संघाला रिंगखालच्या धक्काबुक्कीत भारी पडले.

त्या फायनलची एक गोष्ट काकांना अजून सांगितलेली नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये सेल्टिक्स साध्या लीग सामन्यासाठी लॉस एंजेलिसला आले होते. त्यांचे कोच डॉक रिव्हर्स यांनी प्रत्येकाकडून शंभर-शंभर डॉलर गोळा केले, २६०० झाले, ते पाकिटात घातले आणि पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूमच्या छतात दडवून ठेवले. पैसे परत हवे असतील तर जूनमध्ये फायनलला इथे यावं लागेल, म्हणाले. सेल्टिक्स आले. पाकीट जागच्या जागी होतं. पैसे तेवढे परत मिळाले.