आमची वाटचाल: चाक ठेवलं घरी

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात पणत्या आणि कुंड्या विकण्यापासून आमचा व्यवसाय सुरू झाला. शाळांत मुलांना मातीकाम शिकवायचं काम मागाहून आलं आणि आता तेच मुख्य आहे. सुरुवातीला शाळांची मागणी एकच असायची, "कुंभाराचं चाक घेऊन या, मुलांना मजा येईल." मजा येते, पण हिशेब बघा. मुलं ४०, चाक एक, दोन तासिकांची मिळून ८० मिनिटं. मुलामागे दोन मिनिटं, त्यातही मातीवर हात आमचेच. फोटो झकास येतात, शिकणं शून्य. म्हणून चाक घरी ठेवलं आणि हाताने घडवण्यावर आलो.

इथल्या मुलांना माती नवी नाही. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, बसून शाडू मळलेली पोरं आहेत ही. पण शाडूची मूर्ती भाजत नाहीत, ती विरघळायलाच हवी. भाजणं हा पुढचा धडा आणि आमच्या मते शाळेत मातीकाम शिकवायचं ते त्यासाठीच. दोन ग्लासांत पाणी घ्या. एकात वाळलेला कच्चा तुकडा सोडा, दुसऱ्यात भाजलेला. कच्चा बुडबुडे सोडत काही मिनिटांत गाळ होऊन तळाशी बसतो, भाजलेला तसाच राहतो. ६०० अंशांच्या आसपास मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं, मग तिचा पुन्हा चिखल होत नाही.

गणितही आपसूक येतं. मातीच्या ओल्या पाटीवर १० सेंमीची रेघ मारायची. वाळून, भाजून ती साधारण ९.२ भरते. मग विचारायचं, भाजल्यावर वाटीचं तोंड १० सेंमी हवं तर ओलं असताना किती ठेवाल? बहुतेक जण ८ टक्के मिळवून १०.८ सांगतात. उत्तर १०.८७ आहे, आणि ते का, यावर तासिका जाते. जाऊ द्यावी.

माती भाताच्या खाचरातली, मुलामागे अर्धा किलो. ४० जणांच्या वर्गाला २५ किलो नेतो. दोन दिवस भिजवून गाळायची आणि दहा किलो कोरड्या मातीमागे एक किलो जुन्या कौलांचा चाळलेला चुरा घालायचा, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. खाडीकाठची माती फुकट मिळाली तरी नको. तिच्यात शिंपल्यांचे कण असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो, तो पुढे हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगल्या दिसणाऱ्या वाटीचे टवके उडतात. वाळल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर ती माती बाद.

कपाचे कान गळतात ते जोडणीमुळे. घट्ट होत आलेल्या कपाला ओला कान लावला की तो जास्त आकसतो आणि सुटतो. दोन्ही भाग सारखेच घट्ट हवेत, दोन्हीकडे रेघोट्या ओढून मध्ये पेजेइतका पातळ चिखल लावायचा. जाडी एक सेंमीच्या आत. त्याहून जाड भाग वरून वाळतो, आत ओल धरतो. भट्टीत तिची वाफ होते आणि वस्तू फुटते. शेजारच्या चार जणांच्या वस्तूही घेऊन जाते. वस्तू गालाला लावून बघायची: गार लागली तर अजून ओल आहे.

पावसात मात्र ही परीक्षा पास होतच नाही. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट, की पंधरा दिवसांनीही वस्तू गारच. म्हणून पावसाळ्यात फक्त घडवणं आणि मोडणं, भाजायचं काम दिवाळीनंतर.

भट्टी आमच्याकडेच ठेवतो. सहा किलोवॅटची भट्टी २५ अँपिअरहून जास्त ओढते, शाळेच्या वायरिंगला ते झेपत नाही. कच्च्या वस्तू क्रेटमध्ये भाताच्या तुसात बसवून टेम्पोने आणतो; कानाला किंवा काठाला धरून उचलल्या की हमखास मोडतात. १०० अंशांच्या अलीकडे झाकण किंचित उघडं ठेवून दोन-तीन तास, मग ६०० पर्यंत ताशी १०० अंश, शेवटी ९५०. दुसऱ्या दिवशी पूर्ण निवल्यावरच उघडायची. तडकलेल्या वस्तूही शाळेत परत जातात, कारणाची चिठ्ठी लावून.

वर्ग झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सुक्या मातीची धूळ फुप्फुसाला वाईट.