सगळ्यांचा श्वास वीस

नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा माझी सगळी धास्ती रक्ताची होती. ती फुकट गेली. रक्त, पू, उलटी यांची सवय दोन-तीन आठवड्यांत होते, कारण हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. मला खरं छळलं ते टीपीआरच्या तक्त्याने. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. अभ्यासक्रमातली सगळ्यात सोपी गोष्ट, असं पहिल्या दिवशी कुणालाही वाटेल.

लॅबमध्ये सगळं छान जमायचं. मॅनिकिनला, म्हणजे सरावाच्या पुतळ्याला, घाई नसते, तो कण्हत नाही, त्याला बाथरूमला जायचं नसतं. चादरीच्या कोपऱ्याची घडी ४५ अंशांत बसेपर्यंत आम्ही तोच पलंग दहा वेळा उस्कटला. हात साबणाने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, हे मनात आकडे म्हणत घोकलं. मग वॉर्डात पोस्टिंग लागली आणि पहिल्याच सकाळी मला बीपी ऐकू येईना.

दंडाला बीपीचा पट्टा बांधला, हवा भरली, हळूहळू सोडली. काहीच नाही. पुन्हा भरली. पुन्हा शुकशुकाट. कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ साली हे ठोके सांगितले, पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज नाहीसा होतो तो खालचा, हे मला झोपेतही पाठ होतं. ठोके मात्र नव्हते. तिसऱ्यांदा फुगा दाबायला लागले तेव्हा पलंगावरचे आजोबा म्हणाले, ''पोरी, हात ठेवणार आहेस ना माझा?'' मागून एक सिस्टर आल्या, काही न बोलता माझ्या कानातला स्टेथो काढला, उलटा करून परत घातला. कानात घालायची टोकं पुढे, नाकाच्या दिशेला हवीत. माझी मागे होती. पुढच्या खेपेला ठोके इतके स्पष्ट आले की मी हसलेच. आजोबाही हसले, बहुधा सुटका झाली म्हणून.

पण बीपी येत नसेल तर निदान कळतं की येत नाही. श्वासाचं तसं नसतं. तिथे खोटं लिहिलेलं कुणाला कळत नाही, आणि खोटं लिहिणं फार सोयीचं असतं.

हिशेब बघा. आम्ही दोघी विद्यार्थिनी आणि तीस पेशंट. नाडी एक मिनिट, श्वास एक मिनिट, म्हणजे एका पेशंटमागे दोन मिनिटं, सगळ्यांचं मिळून एक तास. त्यात ताप, बीपी, हात स्वच्छ करणं, एकेकाला उठवणं, आणि डॉक्टरांचा राउंड यायच्या आत तक्ते भरून तयार. मध्येच कुणीतरी हाक मारणार, ''स्टुडंट, जरा बेडपॅन.'' (त्या वर्षात मला नाव होतं, हे घरच्यांनाच आठवत असावं.) मग सीनियर मुलींनी वाट दाखवली: श्वास वीस लिहायचा. दोन-तीन ठिकाणी अठरा टाकायचा, म्हणजे चांगलं दिसतं. मी लिहिले. सहा आठवडे लिहिले.

पकडलं आमच्या ट्यूटर मॅडमनी. तक्त्यांचा गठ्ठा चाळत त्यांनी विचारलं, ''वॉर्डात कवायत चालू आहे का गं? सगळे एका तालात श्वास घेतायत.'' मी म्हटलं, मॅडम, पंधरा सेकंद मोजून चारने गुणते. त्यांनी पुन्हा तक्ते बघितले. ''मग अठरा कुठून आले? चारच्या पाढ्यात नाही तो.'' खोटं बोलताना निदान पाढा तरी आठवायला हवा होता.

ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून मला एका आजींपाशी बसवलं आणि युक्ती शिकवली. मनगट धरायचं, मिनिटभर नाडी मोजायची. मग मनगट सोडायचं नाही, नजर मात्र छातीकडे न्यायची आणि पुढचं मिनिट श्वास मोजायचा. छाती वर जाऊन खाली आली की एक. पेशंटला सांगायचं नाही, कारण श्वास मोजतायत म्हटल्यावर कुणीही वेगळाच श्वास घ्यायला लागतो. जाड पांघरुणामुळे दिसत नसेल तर त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवायचा, हात वरखाली होताना दिसतो. श्वास एका लयीत असेल तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालतं. लय बिघडलेली असेल तर मिनिट पूर्ण करायचं, पळवाट नाही.

आजींचा आकडा आला सतरा. मला तो फार विचित्र वाटला.

लगेच सुधारले असं नाही. मॅडम असतील त्या दिवशी मोजायचे, नसतील त्या दिवशी जमेल तसं. त्या दिवसांत झोप हा एकच विषय डोक्यात असे. केअर प्लॅन हाताने लिहायचे, एकेक आठ-आठ पानी. प्रोसिजर बुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या वहीत, सह्या गोळा करायच्या, आणि सही करणाऱ्या सिस्टर नेमक्या तेव्हाच औषधांच्या ट्रॉलीमागे दिसेनाशा व्हायच्या. सलाईनचं गणित परीक्षेत चोख आलं: १००० मिली, ८ तास, नळीच्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली, म्हणून मिनिटाला साधारण ४२ थेंब. वॉर्डात ४२ थेंब लावून वळले तोवर काकांनी कोपर दुमडलं आणि थेंब दहावर आले. पुस्तकात कोपर नसतं.

चांगलं काही घडायचं तेही दाखवता येण्यासारखं नसायचं. अंथरुणाला खिळलेल्या एक आजी होत्या. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, माकडहाडाशी लाली आलीय का बघायचं, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. तीन आठवडे आम्ही आळीपाळीने ते केलं आणि त्यांना पडून राहून होते तशी एकही जखम झाली नाही. झालंच नाही ते प्रोसिजर बुकात कुठल्या रकान्यात लिहिणार? त्यांच्या सूनबाई मात्र जाताना रोज पाठ बघून जायच्या आणि माझ्याकडे बघून मान हलवायच्या. त्या मान हलवण्यावर माझे दोन-दोन दिवस निघाले.

कॉलेजच्या जिन्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र होतं, अर्थात हातात दिवा. या बाईने क्रिमियन युद्धात सैनिक कशाने मेले याचे आकडे मांडून १८५८ साली गोल आलेख काढला होता, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तरी मी वीसच लिहिले असते म्हणा.

मग ती संध्याकाळची ड्यूटी. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस झालेले एक काका. बोलत होते, ताप म्हणण्यासारखा नव्हता, बीपी ठीक, नाडी थोडी जलद. वॉर्ड त्या दिवशी शांत होता म्हणून मी मनगट धरून पूर्ण मिनिट बसले. सव्वीस. चुकले असेन म्हणून पुन्हा मोजला. अठ्ठावीस. काका म्हणाले, ''नाडी सापडत नाही का गं?''

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, ''दुखत असेल, दहा मिनिटांनी परत बघ.'' परत अठ्ठावीस. मग त्या स्वतः आल्या, घड्याळ बघत उभ्या राहिल्या आणि न बोलता फोनकडे गेल्या. ड्यूटी डॉक्टर आले, छातीला स्टेथो लावला आणि विचारलं, ''काल किती होता?''

सिस्टरनी तक्ता पुढे केला. काल सकाळी वीस. काल दुपारी वीस. अक्षर माझं.

तेव्हा पोटात जे झालं ते अजून होतं. काका कालपासूनच बिघडत होते की आजच, हे सांगू शकणारा एकच माणूस तिथे होता, मी, आणि मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ''सर, कालचे आकडे मी लिहिलेत. मोजलेले नाहीत.'' डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग तक्त्याकडे, आणि म्हणाले, ''बरं. म्हणजे कालचं माहीत नाही असं धरून चालू.'' ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढायला सांगितला. न्यूमोनिया सुरू होत होता. वेळेत सापडला, काका पुढच्या आठवड्यात चालत घरी गेले. त्यांना यातलं काहीच कळलं नाही.

मला लेखी जबाब द्यावा लागला. मॅडमनी वाचून घेतला आणि ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली काढलेला न्यूज नावाचा गुणतक्ता माझ्यासमोर ठेवला. जितके गुण जास्त, तितका पेशंट बिघडलेला. श्वास मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण. २१ ते २४ असेल तर दोन. २५ किंवा जास्त असेल तर तीन, आणि एकाच बाबीत तीन गुण आले की पेशंट तातडीने बघायचा. मी बोट वीसवर ठेवलं. शून्य. सहा आठवडे मी माणसांना शून्य वाटत फिरले होते. ताप आणि बीपी बरे दिसत असताना श्वास आधी वाढतो, हे वर्गात शिकवलं होतं. वहीत माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारलेलं.

इन्चार्ज सिस्टर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. आठव्या दिवशी बुक मागून घेतलं आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात न सांगता सही केली.

मिनिटांचा हिशेब अजून बसलेला नाही. तीस पेशंटना तासच लागतो, तो तास कुणी देत नाही. मी पाणी प्यायला जायच्या वेळातून काढते, किंवा राउंडला तक्ते अर्धे भरलेले असतात आणि बोलणी खाते. उरलेले रकाने रिकामे ठेवते.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझे तक्ते उतरवून घेत होती. म्हणाली, ''ताई, तुझे आकडे असे कसे? सतरा, एकोणीस, तेवीस. सीनियर ताईंनी वीस लिहायला सांगितलंय.''

पाच नंबरच्या आजी जाग्या होत्या. मी तिला म्हटलं, खुर्ची घे.