मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, एका घोडीपाशी

मिरज जंक्शनला उतरून रिक्षावाल्याला 'सतारमेकर गल्ली' एवढंच सांगितलं तरी पुरतं. ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तंतुवाद्यांची दुकानं आहेत. दुकान म्हणजे पुढे बसायची जागा, मागे कारखाना आणि वर माळ्यावर उलटे टांगलेले भोपळे. तलवारी, भाले घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांकडे 1850 च्या सुमारास सतार-तंबोऱ्याचं काम आलं. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मूळ नाव. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथल्या कामातली माया मात्र मानांकनाच्या कागदात दिसत नाही. ती बघायची तर जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून तिच्याखालची घोडी घासून बेतणाऱ्या कारागिराशेजारी तासभर गप्प बसावं.

त्याआधी भोपळा बघून घ्यावा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांत हा कडू भोपळा पिकतो. कडू असल्यामुळे कीड त्याच्या वाटेला कमी जाते. वेलीवर असतानाच तो नीट बसवून वाढवावा लागतो, नाहीतर एका अंगाला चेपतो आणि चेपलेल्या भोपळ्याचा तंबोरा मांडीशी सरळ उभा राहत नाही. पुरुषी तंबोऱ्याला पन्नासेक इंच घेराचा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. उतरवल्यावर महिनोन्महिने वाळवायचा. कापायच्या आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, मग तोंड कापून आतला वाळका गर आणि बिया खरवडायच्या. कापलेलं तोंड आत ओढलं जाऊ नये म्हणून आडव्या काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवायचा. घाई कराल तर ती याच टप्प्यावर लपते आणि दोन वर्षांनी तबलीच्या, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी झाकणाच्या, सांध्यावर चीर होऊन बाहेर येते. जुने कारागीर बोटाच्या पेराने भोपळा ठोकून बघतात. सगळीकडून सारखा टणक आवाज आला तरच तो पुढे जातो.

दांडी तुणीच्या लाकडाची, आतून पोकळ कोरलेली, वरून पट्टी बसवलेली. लाकूड पुरतं मुरलेलं नसेल तर तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकते. भोपळा आणि दांडी जोडणारा गळा हा सगळ्यांत जोखमीचा सांधा, कारण चारही तारांचा ताण तिथून जातो. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ केली तर घोडीखाली दबून खड्डा पडतो. मग लाकडी पानांचं कोरीव काम, सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने चढवलेलं पॉलिश. पावसाळ्यात दमट हवेत पॉलिश मारलं की ते पांढरट पडतं, म्हणून चांगला कारागीर उघडीप मिळेपर्यंत थांबतो.

इथपर्यंत तयार झालेली वस्तू देखणी असते, पण तंबोरा म्हणून ती अजून मुकीच असते. आवाज घोडीत आहे. घोडी म्हणजे तबलीवर बसवलेला, तारा अंगावर घेणारा रुंद पूल. पूर्वी तिच्या माथ्यावर हस्तिदंत असे. आता शिसवी, उंटाचं हाड किंवा फायबर वापरतात. वरून ती सपाट वाटते, पण तिला पुढून मागे जाणारा अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर एका बिंदूत न टेकता कंप पावताना त्याला घासत राहते आणि त्या घासण्यातून वरचे स्वर उमलतात. तार जिथे छेडली जाते तिथे स्थिर बिंदू असलेले स्वर खरं तर ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात ते येतात, आणि ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात नोंदवली. कारागिराला ती कानाने आधीपासून माहीत होती.

काम असं चालतं. आधी तंबोरा त्याच्या पट्टीत, म्हणजे गाणाऱ्याच्या सा च्या उंचीवर, पुरुषांचा पेटीच्या काळी एकच्या आणि बायकांचा काळी चारच्या आसपास, नेमका मिळवायचा. तारेखाली शेवटी घालायचा सुती दोरा अजून न घालता तार ऐकायची. मग तार सैल करून बाजूला सारायची आणि घोडीवरून तिरप्या उजेडात नजर फिरवायची. तार जिथे टेकत होती तिथे चकाकी दिसते. चकाकीचा पट्टा आखूड असेल तर माथा जास्त गोल आहे, आवाज बंद लागणार. पट्टा मधे तुटत असेल तर तिथे खड्डा आहे, तार खरखरणार. बारीक कानशीचे दोन-चार हात, वर पॉलिश पेपर, धूळ फुंकायची, तार परत जागेवर, पुन्हा सुरात मिळवायची, पुन्हा ऐकायचं. एकेका तारेला हे इतक्या वेळा होतं की बघणारा कंटाळतो, करणारा नाही. कानशीने गेलेला भाग परत येत नाही, म्हणून 'अजून थोडं' या मोहाला आवरणं हीच खरी कारागिरी असं माझं मत आहे.

शेवटी तारेखाली तो दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढेमागे झाला की आवाज एकदम खुलतो, नाहीतर मिटतो. एका गल्लीत शिकाऊ पोरगा दोरा सारखा ढकलत होता, तेव्हा म्हाताऱ्या उस्तादांनी त्याला इतकंच सांगितलं, "बाळा, दोऱ्याला जागा सापडंना म्हणजे घोडी चुकलीय. दोऱ्याला छळू नको." दोरा जाड झाला तर तार उचलली जाते आणि सगळी मेहनत वाया. चारही तारांची जवारी एका जातीची लागते. पंचमाची (प) तार खुली आणि खर्जाची (खालच्या सा ची) बंद असेल तर आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. काम साधलं याची खूण एकच: खर्जाची तार हलक्या बोटाने छेडली की तिच्यातून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, कुणीही न वाजवलेला. किराणा घराण्याची गायकी या स्वयंभू गंधारावर पोसली. त्या घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेल्यावर दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तंबोरा घ्यायला यायचं असेल तर तो काळ टाळा, कारागिरांना तेव्हा सवड नसते.

घ्यायला येणाऱ्यांनी आपली पट्टी आधी सांगावी. काळी एकसाठी लावलेली जवारी, तारा बदलून काळी चारला चढवली की बिघडते. दांडी डोळ्याशी धरून सरळ आहे ना बघा. घोडीच्या पायांखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. तो आत गेला तर पाय नीट बसलेले नाहीत आणि आवाज गळतोय. जोरात छेडून परीक्षा घेऊ नका, भसाडा तंबोराही जोरात बरा वाटतो.

नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत जवारी एकदा पुन्हा दाखवावी लागते. पुढे तारांच्या खाचा घोडीत पडल्या, आवाज पातळ होऊन खरखरू लागला, की तंबोरा परत आणायचा. परदेशी नेणाऱ्यांचं दुखणं वेगळं. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने भोपळ्याचा सांधा उकलतो, म्हणून खोलीत ओलावा राखावा लागतो. विमानात टाकताना तारा दोन-तीन स्वर उतरवाव्यात. पूर्ण सोडल्या तर घोडी हलते, म्हणून निघण्याआधी तिच्या पायांभोवती पेन्सिलीची बारीक रेघ मारून घ्यावी.