गार्डन रूम, शेजारचे आजोबा आणि १२ सेंटिमीटर

काउन्सिलचं, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या नगरपालिकेचं, पत्र आलं तेव्हा मी पोळ्या करत होते, नवऱ्याने पाकीट फोडलं आणि वाचून नुसता उभाच राहिला. तुमच्या बागेतल्या बांधकामाबद्दल तक्रार आलीये, आमचा माणूस बघायला येईल. तक्रार कोणी केली ते काउन्सिल सांगत नाही, पण आमच्या बागेला लागून घरं दोनच आणि त्यातलं एक रिकामं, मग राहिलं कोण? शेजारचे आजोबा, नऊ वर्षांचा शेजार, आमच्या पोराचे बॉल कुंपणावरून परत टाकणारे. मला इतकं लागलं ना ते.

आता इंग्लंडमधल्या आपल्या लोकांनी लॉकडाऊननंतर भराभर गार्डन रूम बांधल्यात, अजून बांधतायत, म्हणून नीट लिहिते. बागेतल्या अशा खोलीला बहुतेक वेळा प्लॅनिंग परमिशन लागत नाही, परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे वेगळा अर्ज न करता चालणाऱ्या बांधकामात, बसते. एकच मजला हवा, घराच्या पुढच्या बाजूला नको, मूळ घराभोवतीच्या जागेपैकी निम्म्याहून जास्त जागा बांधकामात जायला नको (फ्लॅट किंवा लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे वारसा म्हणून जपलेली इमारत, असेल तर हे काही लागू नाही). आणि कुंपणापासून २ मीटरच्या आत बांधलं तर उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये. या टेरेस (ओळीत चिकटून असलेली घरं) नाहीतर सेमीच्या (जोडघरं) बागा केवढ्याशा, २ मीटर सोडले तर उरतं काय, म्हणून सगळे कुंपणाला खेटूनच बांधतात. आम्हीही तेच केलं. आमचा बिल्डर तर म्हणाला होता की आत बेड टाका, सासूबाई आल्या की झोपतील, ते बरं झालं ऐकलं नाही, कारण ऑफिस, जिम, सामान ठेवायला चालतं, पण कोणी राहायला लागलं की ते परमिटेड डेव्हलपमेंट राहत नाही.

ऑफिसर आला, शांत माणूस, टेप काढली आणि गवतापासून वर मोजलं. २.६२. नवरा म्हणाला, अहो बिल्डरने २.५० मोजून दिलंय. त्याने मोजलं होतं खरं, पण काँक्रीटच्या स्लॅबपासून, आणि स्लॅब गवतापासून १२ सेंटिमीटर वर. नियमाला स्लॅब दिसत नाही, मूळची जमीनच धरतात. जमीन उताराची असेल तर बांधकामाला लागून जिथे ती सगळ्यात उंच तिथून मोजायचं. हे एक वाक्य बिल्डरला माहीत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पैसे घेताना मात्र सगळं नियमात बसतं म्हणून सांगतात.

आता दोन रस्ते होते, बांधून झाल्यावरची परमिशन मागायची किंवा १२ सेंटिमीटर कमी करायचे. परमिशन मागितली की काउन्सिल शेजाऱ्यांचं म्हणणं मागवतं, उजेड जातो, आत डोकावता येतं असल्या हरकती विचारात घेतात, नुसतं दृश्य गेलं किंवा घराची किंमत उतरेल हे चालत नाही. नवरा म्हणत होता अर्जच करू. मी म्हणलं आधी मी जाऊन येते.

गेले. आजोबांनी चहा विचारला नाही, सरळ मागे नेलं. त्यांच्या ग्रीनहाऊसच्या अलीकडे लॉनवर ओळीने लाकडी खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेलं, ३, ३.३०, ४, ४.३०. आमच्या खोलीची सावली कधी कुठवर येते ते. शेवटची खुंटी काचेला टेकलेली, आत टोमॅटोची रोपं, जून संपत आला तरी गुडघ्याएवढीच. बायको गेल्यापासून मी दुपारी इथेच बसतो, म्हणाले. मग म्हणाले, तुम्ही बांधायला काढलंत तेव्हा एकदा सांगितलं असतंत.

मला आमच्या वडिलांचं बांधावरचं भांडण आठवलं. शेजारच्याने दरवर्षी नांगरटीला बांध कोरला, वीतभर, तेवढंच, आणि वडील म्हणायचे जमिनीचं काही नाही रे, त्याने आपल्याला धरलंच नाही. मी पण आजोबांना धरलं नव्हतं. परमिशन लागत नाही म्हटल्यावर विचारायचं कशाला, असंच आमच्या दोघांच्या डोक्यात होतं आणि ते चूक होतं.

छप्पर उतरवून भिंती खाली घेतल्या, बिल्डरने निम्मा खर्च सोसला, तोही कटकट करूनच. काउन्सिलने फाइल बंद केली. सावली साधारण वीतभर मागे सरकली, त्याहून जास्त नाही, नियमात बसणाऱ्या खोलीचीही सावली पडतेच. म्हणून कुंपणाच्या आमच्या बाजूचा उंच वाढलेला लॉरेल आम्ही स्वतःहून अर्ध्यावर छाटला, त्याने खरा फरक पडला.

आता ४.३० ची खुंटी त्यांनी काढलीये. ४ ची आहे अजून.