डागणी

“याने घोडे बरे व्हायचे,” संग्रहालयात शेजारी उभा असलेला इंग्रज बाप लेकीला सांगत होता. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

काचेमागे डागणी होती. लाकडी मूठ, लांब दांडा, टोकाला बोथट पात्यासारखं लोखंड. ते लालभडक तापवून लंगड्या घोड्याच्या पायावर, दुखऱ्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर) ओळीने रेघा ओढायच्या. नव्या जखमेने जुनी दुखापत भरते, असा समज. मग कित्येक महिने विश्रांती. आणि घोडा चालू लागला की श्रेय लोखंडाला!

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९८३ साली दाखवलं, की डागून कंडरा लवकर भरत नाही. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेज या नियामक संस्थेने हा उपचार नीतीला धरून नाही असं ठरवलं.

आपल्याकडे लंगडणाऱ्या बैलाला अजूनही कुठे कुठे डाग देतात. तुमच्या गावात थांबलंय का हे?